मुठीवरचा पहिला थर

१

चाळीस वर्षांपूर्वी चोरीला गेलेलं पिस्तूल शनिवारी दुपारी थर्मन रॅटलिफच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं, आणि समोरचा घेवडा माझ्या ताटात तसाच गार झाला.

मी ओपल स्लोन. उभी हयात शेरीफच्या हाताखाली नोकरी केली. टकर फोर्क खोऱ्यातल्या निम्म्या बाप्यांना मी कधी ना कधी तुरुंगाची हवा दाखवली आहे, आणि उरलेले निम्मे मला वळसा घालून जातात. निवृत्तीनंतर शनिवारी मी रॅटलिफांकडे जेवते. थर्मन तिरसट आहे, पण त्याची बहीण लव्होन माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि तिच्या हातच्या मक्याच्या पावासाठी मी त्याचा तिरसटपणाही गिळते.

"सापडलं!" थर्मन दारातूनच ओरडला. "लेक्सिंग्टनच्या बंदूक-बाजारात, एका म्हाताऱ्याच्या टेबलावर, गंजक्या सुऱ्यांच्या ढिगात. नंबर बघितला आणि तिथंच पैसे मोजले."

त्याने तेलकट फडक्यातून पिस्तूल काढून ताटांच्या मधोमध ठेवलं. हालबर्ग बनावटीचं, बारीक नळीचं, निशाणेबाजीच्या सामन्यांत वापरतात तसलं. आता ते गंजून तपकिरी झालं होतं. लाकडी मुठीवर कुणीतरी करड्या पुट्टीचे गोळे थापले होते. पण नंबर खरा होता. तो नंबर थर्मनला तोंडपाठ होता. दर बाजारात, दर लिलावात, दर दुकानात तो चाळीस वर्षं तोच नंबर शोधत हिंडला होता.

"जेवणाच्या टेबलावर लोखंड नको," लव्होन चुलीवरून वळून म्हणाली. एका हातात तापलेला तवा, दुसऱ्या हाताने तिने पिस्तूल उचललं, तोंड भिंतीकडे करून फळीच्या कडेला अडकवून उघडलं, आत एक नजर टाकली आणि तसंच उघडं फळीवर ठेवून दिलं. मग पाव कापायला घेतला. पांढऱ्या पावात नेहमीचे लाल ठिपके होते. त्यांच्या घरामागच्या टेकाडावर रॅटलिफांच्या आजोबांच्या वेळचा तांबडा मका होतो, साल लाल आणि आत पांढरा. दाणे कमी भरतात म्हणून खोऱ्यात दुसरं कुणी तो लावत नाही. लव्होन मात्र हट्टाने लावते आणि घरच्या जात्यावर दळते.

"ओपल," थर्मन खुर्ची ओढून म्हणाला, "तू चोर पकडायचीस ना? मग हा पकड. बाबांच्या मयताच्या दिवशी हे पिस्तूल त्यांच्या कपाटातून गेलं. आर्लिसनेच नेलं. मला पुरावा दे."

आर्लिस म्हणजे या दोघांचा मधला भाऊ. थर्मनने चर्चच्या पायरीवर, साऱ्या गावासमोर त्याला चोर म्हटलं होतं. त्याच आठवड्यात तो ओहायोला निघून गेला, आणि त्यानंतर दोघा भावांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता.

"चाळीस वर्षं पुराव्यावाचून शिव्या दिल्यास," मी म्हणाले, "मग आजच कशाला हवाय?"

उत्तर लव्होनने दिलं, आणि देताना तिचा आवाज फाटला.

"काल त्याच्या पोरीचा फोन आला होता. शुक्रवारी आर्लिसचं हृदय उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांनी आधीच भेटून घ्या."

२

थर्मनची अट सोपी होती आणि त्याच्यासारखीच अडेल. आर्लिसने चोरी केली नसेल तर तो स्वतः जाऊन पाय धरणार. केली असेल तर जाणार नाही, मग काहीही होवो.

"नुसता फोन कर ना रे," लव्होन त्याला रोज सांगत होती. "पिस्तूल गेलं चुलीत."

"खात्री नसताना मी चुकलो असं कसं म्हणू?" हे थर्मनचं उत्तर. चुकलो हा शब्द त्या घराण्यात पिढीतून एकदाच निघतो.

सोमवारी मी त्याच्या कामाच्या खोपटात जाऊन बसले. त्याने पिस्तूल तेलात मुरवलं होतं आणि पितळी ब्रशने गंज काढायला घेतला होता. खालून निळसर काळं पोलाद डोकवायला लागलं तसा तो म्हातारा पोरासारखा गुणगुणायला लागला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. लोखंडाशी इतक्या मायेने बोलणारा माणूस सख्ख्या भावाशी बोलत नव्हता.

तेवढ्यात रॉइस कॉम्प्टन आला. रॉइस गावात खाणावळ चालवतो, आणि थर्मनच्या वडिलांच्या, एल्झी रॅटलिफच्या पश्चात जिल्ह्यातले सगळे चषक त्यानेच जिंकले. माझ्या मनात संशयितांच्या रांगेत तो पहिला होता.

"बघू तरी म्हाताऱ्याचं लाडकं," असं म्हणत त्याने पिस्तूल उचललं आणि रिकामं आहे ना ते बघायला वरचा भाग मागे ओढला. आमच्याकडे हे पोरंही करतात, उचललं की आधी उघडून बघायचं. पण ते उघडेना. त्याने पुन्हा ओढलं. मान लाल झाली त्याची.

"गंजलंय."

"गंजलं नाही, रुसलंय," थर्मन हसला. "आण इकडे. बाजूचा खटका आधी अर्धा उचलायचा, मग ओढायचं. या एकाच पिस्तुलाची ही खोड. बाबांनी फक्त मला दाखवली होती, पुढे ते माझ्याकडे यायचं होतं म्हणून. आर्लिसला हातही लावू द्यायचे नाहीत." त्याने अंगठ्याने खटका उचलला आणि पिस्तूल निमूटपणे उघडलं.

"मयताच्या दिवशी तू कपाटाच्या खोलीत काय करत होतास रे रॉइस?" मी विचारलं.

"कोट ठेवत होतो, बायांचे. तुझाही ठेवला होता." तो चिडला. "आणि मी आर्लिसला त्या खोलीतून बाहेर येताना बघितलं ते खरं आहे. चेहरा पांढराफटक. तेच मी थर्मनला सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही."

"हातात पिस्तूल होतं?"

"हात रिकामे होते," तो हळूच म्हणाला.

थर्मनने वर बघितलं. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कुठं? तू तर तसाच चर्चकडे धावलास." रॉइसने टोपी घातली. दारात थांबून तो मुठीकडे बोट दाखवत म्हणाला, "ती पुट्टीची घाण खरवडून फेकून दे बाबा. बघवत नाही."

खाई त्याला खवखवे, असं माझ्या मनात आलं. पुट्टीत असं काय होतं, जे रॉइसला बघवत नव्हतं?

३

निशाणेबाज लोकांचं एक वेड असतं. दुकानातली मूठ त्यांना कधीच पुरत नाही. वर पुट्टी थापायची, ओली असताना मुठीत घट्ट धरायची, वाळली की कानशीने घासायची. बोटन् बोट आपापल्या खाचेत बसलं पाहिजे, नाहीतर झोप लागत नाही त्यांना. एल्झी रॅटलिफ तेवढा वेगळा होता. 'हात पिस्तुलाला शिकवा, पिस्तूल हाताला नको,' असं तो म्हणायचा. त्यामुळे ही पुट्टी चोरीनंतरची, हे नक्की होतं.

"फेकू नकोस. सावकाश काढ," मी थर्मनला म्हणाले.

त्याने लव्होनचं केस वाळवायचं यंत्र आणून मुठीवर गरम वारा धरला. करडी पुट्टी मोटारींच्या पत्र्यावर लावतात तसली होती. मला वाटलं होतं तुकडे तुकडे पडतील, पण अख्खा थर सालीसारखा सुटून आला.

खाली दुसरा थर होता. तपकिरी, लाकूडभरणीच्या पुट्टीचा. त्याच्याखाली थेट एल्झीचं तेल प्यायलेलं अक्रोडाचं लाकूड. म्हणजे पिस्तूल चोरीला गेल्यावर पहिल्यांदा ज्याने ते आपलं मानलं, त्याची ही मूठ.

थर्मनने स्क्रू काढून मूठ पिस्तुलापासून सोडवली आणि मी ती हातात घेतली. अंगठा टेकायची कड डाव्या अंगाला, म्हणजे धरणारा उजव्या हाताचा.

"थर्मन, आर्लिसच्या उजव्या हाताचं बोट खाणीत कधी तुटलं?"

"बाबा जायच्या आधीच. तो डाव्या हाताने निशाणे मारायचा." लगेच त्याचा चेहरा आंबट झाला. "मग काय? विकलं असेल कुणा उजव्याला."

"रॉइसचा हात?"

थर्मन हसला. रॉइसचे पंजे फावड्याएवढे. या मुठीत त्याची तीनच बोटं मावली असती. थर्मनने स्वतः धरून बघितली, त्याचंही करंगळीचं बोट बाहेर राहिलं. रॉइस माझ्या यादीतून गेला. बिचाऱ्याला पुट्टी बघवत नव्हती ती एवढ्यासाठीच की सुंदर पिस्तूल विद्रूप झालेलं कुठल्याच निशाणेबाजाला बघवत नाही.

मग मी चष्मा चढवून तपकिरी थर दिव्याखाली धरला. वरून तो खरखरीत होता. पुट्टीत बारीक कण रुतले होते. म्हणूनच वरचा थर घट्ट बसला नव्हता, असा सहज सुटला.

"वाळू?" थर्मनने विचारलं.

मी नखाने एक कण काढून दातांखाली धरला. तो वाळूसारखा कचकचला नाही. पुट्टी हाताला चिकटू नये म्हणून लोक तेल लावतात, पावडर लावतात. या माणसाने हाताला पीठ लावलं होतं.

"काय आहे गं?" थर्मन.

"कळेना," मी म्हणाले. खोटं बोलले. कण पांढरे होते आणि मधूनमधून लाल.

४

मूठ खिशात घालून मी गाडीत बसले आणि आर्लिसला फोन लावला. त्यानेच उचलला. आवाज खंगलेला होता, पण खोडकरपणा गेला नव्हता.

"ओपल स्लोन! अजून लोकांना पकडतेस?"

"हालबर्ग सापडलं, आर्लिस."

मग तो म्हणाला, "मीच नेलं होतं. जा, सांग थर्मनला. संपव एकदाचं."

एवढं चटकन कुणी कबूल करत नाही. साऱ्या मुलखाचे चोर मी बघितलेत. कबुलीआधी प्रत्येकजण निदान पाण्याचा ग्लास तरी मागतो.

"बरं," मी म्हणाले. "नेल्यावर पहिल्यांदा उघडलंस ना? कसं उघडलंस?"

"कसं म्हणजे? मागे ओढलं, उघडलं."

"लगेच?"

"लगेच. लोण्यासारखं."

"खोटारड्या," मी म्हणाले. "तू त्याला कधी हातही लावला नाहीस."

"ओपल," तो अगदी हळू म्हणाला, "मी शुक्रवारी मरेन कदाचित. मेलेल्या माणसाच्या नावावर एक चोरी राहिली तर कुणाचं काय जातं? राहू दे."

"कुणासाठी राहू दे?"

त्याने फोन ठेवून दिला.

मेलेल्यासाठी कुणी असं खोटं बोलत नाही. जिवंत माणसासाठी बोलतं, आणि तेही जवळच्या. तांबड्या मक्याचं पीठ खोऱ्यात एकाच स्वयंपाकघरात असतं. तिथं तेव्हा तिघं राहत होती. आर्लिस डावा, थर्मनचा हात मोठा. शिवाय शनिवारी टेबलावरून पिस्तूल उचलताना, दुसऱ्या हातात तापलेला तवा असताना, एका अंगठ्याने खटका अर्धा उचलून ते कुणी उघडलं होतं? बघायलासुद्धा न थांबता? मी समोरच घेवड्याचं ताट घेऊन बसले होते. आमच्याकडे जो तो हे करतो म्हणून मला ते दिसूनही दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आता काय करायचं, हा प्रश्न होता. आर्लिसची कबुली थर्मनच्या पदरात टाकली असती तर लव्होनचं घर शाबूत राहिलं असतं, माझी मैत्रीण माझी राहिली असती. आणि आर्लिस चोर म्हणून मेला असता. मी बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

५

लव्होन स्वयंपाकघरात एकटीच होती, सफरचंदं सोलत. मी ती मूठ तिच्यासमोर ठेवली. तिने सुरी खाली ठेवली.

"तू एकदा म्हणाली होतीस, जन्मात पिस्तूल हातात धरलं नाहीस."

"म्हणाले होते."

"मग धर."

तिने नकार दिला नाही. हात पुसला आणि मूठ धरली. पाचही बोटं जिथल्या तिथं गेली. तिचे डोळे मिटले, आणि क्षणभर ती इतकी तरुण दिसली की मला तिच्याकडे बघवेना.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"पीठ बघून."

"हाताला कणीक चिकटू नये म्हणून जे करतात तेच केलं मी. दुसरं काय येत होतं मला?" ती कडवट हसली. "ओपल, तीस पावलांवर बाबा निशाणे मारायचे आणि मी कागदावरच्या भोकांना ठिगळं चिकटवायची. पोरीने एवढंच करायचं. रोज संध्याकाळी मी मागे उभी. शिकवलं थर्मनला, शिकले मी."

"मयताच्या दिवशी..."

"एकदा धरायचं होतं फक्त. एका रात्रीपुरतं. ॲप्रनखाली घेऊन निघाले तेव्हा आर्लिस दारातच होता. बघितलं त्याने. काही बोलला नाही, बाजूला झाला. सकाळी परत ठेवणार होते गं! पण सकाळी थर्मन चर्चच्या पायरीवर..." तिने मूठ टेबलावर ठेवली. "मला वाटलं आर्लिस सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. तो सामान बांधून गेला. आणि मी भेकड, मी जुन्या खाणीच्या खड्ड्यात जाऊन निशाणे मारत बसले. चांगली मारायचे मी. दोघांपेक्षा चांगली. पण दर वेळी त्याची पाठ दिसायची. शेवटी एका टेनेसीच्या फिरत्या विक्रेत्याला देऊन टाकलं."

"चाळीस वर्षं?"

हा आवाज माझा नव्हता. जाळीच्या दाराबाहेर थर्मन उभा होता. एका हातात मुठीवाचूनचं पण चकाकणारं पिस्तूल, नवी स्प्रिंग बसवून झाली म्हणून दाखवायला आणलेलं.

"चाळीस वर्षं माझ्या ताटात वाढत होतीस तू," तो म्हणाला. "माझ्या तोंडून त्याला शिव्या ऐकत होतीस."

"हो," लव्होन म्हणाली. "फोन कर, फोन कर, एवढंच म्हणायची हिंमत होती माझ्यात. आता घालव मला. हक्क आहे तुझा."

मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. थर्मनचा चेहरा मला वाचता येत नव्हता, आणि मला खरोखर भीती वाटली. त्याने आत येऊन पिस्तूल उघडलं, रिकामं आहे ते बघितलं, टेबलावर ठेवलं. मग भिंतीवरचा फोन उचलला. नंबर त्याला माहीत नव्हता. लव्होनने सांगितला.

खोली लहान, आणि त्या जुन्या फोनचा आवाज मोठा. सगळं ऐकू येत होतं.

"कोण?"

"मी." थर्मनने फोन कानाशी घट्ट धरला. "लव्ही बोलली."

पलीकडून आवाज आला, "का बोलली ती? मी ओपलला सांगितलं होतं ना, राहू दे म्हणून."

"तू का नाही बोललास? गावासमोर मी तुला चोर म्हटलं! एक शब्द बोलायचास!"

"बोललो असतो तर तू तिला घराबाहेर काढलं असतंस, थर्मन. बाबांसारखाच तू. मला काढलंस तर मी ओहायोत हातपाय हलवून पोट भरलं. ती पोरगी कुठं गेली असती त्या काळात?"

थर्मनने कपाळ भिंतीला टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याला लहानपणापासून ओळखते, पण रडताना कधी बघितलं नव्हतं.

"चुकलो," तो म्हणाला. "आर्लिस, मी चुकलो रे."

"मग ये शुक्रवारच्या आधी. ते डॉक्टर पोरंच आहेत, त्यांचा भरवसा नाही."

"येतो. उद्या पोचतो. बाबांचं पिस्तूल घेऊन येतो, नव्यासारखं केलंय मी."

"मरू दे ते पिस्तूल," आर्लिस म्हणाला. "लव्हीला घेऊन ये."

थर्मनने फोन ठेवला आणि तिथंच उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. तो न वळताच बोलला.

"लव्ही, कोट घाल. बाहेर थंडी आहे."